धूळ गोल धरली की धूमकेतूचं ध्रुवीकरण जुळतच नाही. चुकतंय कुठे?

शेंडेनक्षत्र

नमस्कार. तीन आठवडे एकाच जागी अडकून पडलोय, म्हणून हा धागा. पेशानं मी हिशेबनीस, धूमकेतू हा जुना छंद.

धूमकेतूच्या धुळीवरून येणारा प्रकाश कोणत्या कोनातून पाहिला की किती टक्के ध्रुवित (म्हणजे एकाच दिशेत डोलणारा) असतो, याची पुष्कळ मोजमापं प्रसिद्ध झालेली आहेत. आडव्या अक्षावर सूर्य-धूमकेतू-पृथ्वी हा कोन (फेज कोन) घ्या आणि उभ्या अक्षावर टक्के. बहुतेक धूमकेतू एकाच वळणाची रेषा देतात. आधी ती शून्याच्या खाली असते, दहा अंशांच्या आसपास साधारण उणे दीड टक्का. वीस-बावीस अंशांवर शून्य ओलांडते, मग सावकाश चढत नव्वद-पंच्याण्णव अंशांशी भरपूर धुळीच्या धूमकेतूंत २५ ते ३० टक्क्यांवर पोचते आणि परत उतरते.

ही रेषा आपल्याला गणितानं काढता येते का, हे पाहायला बसलो. गुस्ताफ मी यांची १९०८ सालची गोल कणाची सूत्रं घेऊन प्रोग्राम लिहिला. त्रिज्या ०.५ मायक्रॉन, अपवर्तनांक १.६, तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन. उत्तर म्हणून रेषा आलीच नाही, करवत आली. दहा-दहा, वीस-वीस टक्क्यांचे हेलकावे, शून्याच्या वर-खाली कितीतरी वेळा. प्रोग्राम तीनदा तपासला, छापील तक्त्यांशी ताडून पाहिला. बरोबर आहे.

मग वैतागून प्रत्यक्षच बघावं म्हटलं. अंधाऱ्या खोलीत टॉर्चसमोर फट ठेवून पट्टीसारखा झोत केला. एका जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची पोलरायझर फिल्म (एकाच दिशेत डोलणारा प्रकाश जाऊ देणारी) सोलून घेतली. झोतात जुनी पुस्तकं झटकली आणि काटकोनातून, फिल्म फिरवत पाहिलं. धुळीच्या चकाकीत फरक जेमतेम जाणवला. नंतर मेणबत्तीची वात लांब ठेवून तिचा काळा धूर झोतात सोडला, तर फिल्म एका बाजूला फिरवली की धूर जवळजवळ दिसेनासाच होत होता! काजळीचे पुंजकेही काही अगदी इवले नसतात, असं वाचलंय. मग दोघांत एवढा फरक का?

---

उत्तररात्र

एकाच त्रिज्येचे कण घेतलेत, म्हणून करवत आली. खऱ्या धुळीत लहानमोठे सगळेच असतात. ०.१ पासून ५ मायक्रॉनपर्यंतचे गोल मिसळा, हेलकावे एकमेकांना खाऊन टाकतील. मला वाटतं तेवढ्यानं काम होईल.

---

अणुरेणू

उत्तररात्र म्हणतात ते करून बघाच, पण तेवढ्यानं भागणार नाही. शेंडेनक्षत्र, तुमचं गणित चुकलेलं नाही. तुमचा कण चुकलाय.

नऊ वर्षं मी हेच काम केलं. खनिजाची बारीक भुकटी हवेच्या झोतातून नळीबाहेर सोडायची, तिच्यावर लेझर टाकायचा आणि भोवतीच्या गोल रुळावरून डिटेक्टर अंशाअंशानं सरकवत ३ पासून १७७ अंशांपर्यंत वळलेला प्रकाश मोजायचा (हा वळणाचा कोन म्हणजे १८० वजा तुमचा फेज कोन). त्यामुळे जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या. हा विषय निघाला की मला थोडक्यात बोलवत नाही.

आधी अगदी बारका कण घेऊ, तरंगलांबीच्या दहाव्या हिश्श्याहून लहान. त्याच्यावरून लहर जाते तेव्हा त्यातले सगळे विद्युतभार एका तालात डोलतात. डोलणारा भार बाजूंना प्रकाश टाकतो, स्वतःच्या डोलण्याच्या रेषेत मात्र टाकत नाही. सूर्यप्रकाशात दोन्ही आडव्या दिशांची डोलणी सारख्याच जोराची असतात. तुम्ही काटकोनातून पाहता तेव्हा त्यातलं एक डोलणं तुमच्याकडे टोक करून असतं, म्हणून ते तुम्हाला दिसत नाही. उरलं एकच, म्हणजे ध्रुवीकरण १०० टक्के. प्रकाश ६० अंशांत वळला तर ६० टक्के, ३० अंशांत वळला तर साधारण १४. आकाशाच्या निळाईवर लिहिताना रेले यांनी १८७१ मध्ये मांडलेलं हे प्रकीर्णन (शाळेच्या पुस्तकात विकिरण म्हणतात तेच). इथे कण गोल आहे की वाकडा, याला फारसं महत्त्व नसतं.

आता तुमचा कण. अर्धा मायक्रॉन त्रिज्या म्हणजे त्याच्या परिघावर हिरव्या प्रकाशाच्या जवळजवळ सहा लहरी मावतात. कणाचा पुढचा भाग एका तालात आणि मागचा दुसऱ्या. सगळ्या भागांचा प्रकाश डोळ्याशी एकत्र येतो तेव्हा कुठे भर पडते, कुठे वजाबाकी होते. इथे गोल हा आकार आपल्याला फसवतो. तो इतका प्रमाणबद्ध आहे की कुठल्याही बाजूनं वळवला तरी तीच बेरीज आणि तीच वजाबाकी. म्हणून दाते इतके टोकदार येतात. वाकड्यातिकड्या कणाला प्रत्येक बाजूनं वेगळी बेरीज येते, आणि हवेत लाखो कण लाखो दिशांना तोंड करून असतात. दाते उमटायच्या आतच पुसले जातात.

मग वेगवेगळ्या आकारमानांचे गोल मिसळले तर? बारीक दाते जातील, हे खरं. पण गोलाच्या काही खुणा आकारमानानं हलत नाहीत. पाण्याच्या थेंबांचं इंद्रधनुष्य प्रकाश १३८ अंशांच्या आसपास वळतो तिथेच दिसतं, थेंब थोडा लहान असो की मोठा. गोल कणांच्या कितीही मिश्रणात असे उंचवटे राहतात, आणि खऱ्या धुळीत ते नसतात. मी ऑलिविन मोजलं, फेल्डस्पार मोजलं, ज्वालामुखीची राख मोजली. सूक्ष्मदर्शकाखाली एक कण पाचरीसारखा, दुसरा पापुद्र्यांचा, तिसरा फुटक्या काचेसारखा. तरी ध्रुवीकरणाच्या रेषा मात्र सख्ख्या बहिणींसारख्या. काटकोनाच्या आसपास एक रुंद घंटा आणि प्रकाश जवळजवळ उलटा फिरतो तिथे शून्याखाली गेलेला छोटासा खळगा. पहिल्यांदा तीन खनिजांच्या रेषा एकाच कागदावर काढल्या तो दिवस मला अजून आठवतो. भिंगाखाली ज्यांच्यात काही म्हणजे काही सारखं नव्हतं, ते कण प्रकाशाशी एकाच पद्धतीनं वागत होते.

घंटेची उंची १०० टक्के का नाही? कारण कणाच्या एका कंगोऱ्यावरून निघालेला प्रकाश दुसऱ्या कंगोऱ्यावर आपटून मग बाहेर येतो. दुसऱ्या धडकेत डोलण्याची दिशा बदलते आणि पहिल्या धडकेनं लावलेली शिस्त बिघडते. कण काळा असेल तर दुसऱ्या धडकेआधीच बराच प्रकाश शोषला जातो, शिस्त टिकते आणि ध्रुवीकरण जास्त मिळतं. उमोव्ह यांनी १९०५ मध्ये नोंदवलेला नियम हाच: पृष्ठभाग जितका काळा, तितकं ध्रुवीकरण जास्त. चंद्राच्या काळ्या मैदानांवर हा नियम लागू पडतो आणि धुळीच्या ढगालाही ढोबळमानानं लागू पडतो.

खळग्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तो बहुतेकांना कोडं वाटतो. उणे ध्रुवीकरण म्हणजे सूर्य, कण आणि डोळा ज्या प्रतलात आहेत, त्याच प्रतलात डोलणारा प्रकाश जास्त. एक कागद घ्या, तो हे प्रतल समजा. सूर्य आणि डोळा दोघेही कागदाच्या एकाच कडेला, शेजारी शेजारी. समोर दोन मणी, क आणि ख. प्रकाश क वर आदळून ख कडे जातो आणि तिथून डोळ्याकडे येतो. क पासून ख कडे जाणाऱ्या प्रकाशाचं डोलणं क-ख रेषेला काटकोनातच असणार. म्हणजे जोडी कागदाला लंब उभी असेल तर डोळ्याला येणारा प्रकाश कागदाच्या प्रतलात डोलतो, तो उणे. जोडी कागदावर आडवी असेल तर प्रकाश कागदाला लंब डोलतो, तो अधिक. दोन्ही प्रकारच्या जोड्या सारख्याच, मग एकूण शून्य यायला हवं ना?

नाही येत. कारण प्रत्येक जोडीत प्रकाशाला दोन वाटा आहेत: क कडून ख, आणि ख कडून क. उभ्या जोडीतले दोन्ही मणी सूर्यापासूनही सारख्या अंतरावर आणि डोळ्यापासूनही. दोन्ही वाटांची लांबी नेहमी एकच, कोन काहीही असो. त्या लहरी कायम एकमेकींना बळ देतात. आडव्या जोडीत मात्र डोळा सूर्यापासून जसजसा बाजूला सरकतो, तसतसा वाटांच्या लांबीत फरक पडत जातो. मणी एक मायक्रॉन अंतरावर असतील तर २० अंशांवर हा फरक ०.३४ मायक्रॉन होतो, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या अर्ध्या लहरीहून जास्त. आडव्या जोड्यांची बाजू लंगडी पडते, उभ्या जोड्यांची टिकते. म्हणून उणे. बरोबर शून्य अंशावर दोन्ही जोड्या तितक्याच बळकट असतात, त्यामुळे तिथे ध्रुवीकरण पुन्हा शून्य होतं. तुमच्या रेषेतला दहा अंशांवरचा तो दीड टक्का या दोन वाटांच्या हिशेबातून येतो. एकाच छोट्या कणाच्या आतल्या कंगोऱ्यांना हे चित्र तंतोतंत बसत नाही, तिथे गुंतागुंत जास्त असते. पण विचाराला धरायला हेच चित्र मला सर्वांत भरवशाचं वाटत आलंय.

आता तुमचा धूर. तुमचा हा प्रयोग मला फार आवडला. काजळीचा पुंजका म्हणजे २० ते ४० नॅनोमीटर व्यासाच्या मण्यांची वेडीवाकडी, विरळ माळ. आख्खी माळ मायक्रॉनभर असेल, पण ती इतकी फोफशी असते की प्रत्येक मण्यावर मुख्यतः मूळ प्रकाशच पडतो, शेजाऱ्याकडून आलेला फार थोडा. प्रत्येक मणी रेलेंच्या बारक्या कणासारखा वागतो आणि काटकोनात पूर्ण ध्रुवित प्रकाश पाठवतो. माळेतल्या मण्यांच्या लहरी एकमेकींत मिसळतात तेव्हा प्रकाश किती पडणार ते बदलतं, डोलण्याची दिशा बदलत नाही. म्हणून फिल्म फिरवली की धूर विझल्यासारखा झाला. पुस्तकावरची धूळ म्हणजे तंतू आणि मातीचे भरीव तुकडे, कित्येक मायक्रॉनचे. तिथे अशी शिस्त राहणार कुठून?

माझं सगळं म्हणणं एवढ्यात येतं: कोणत्या कोनात किती उजेड पडतो ते आख्खा पुंजका ठरवतो, ध्रुवीकरण मात्र त्याच्यातला मणी ठरवतो. मण्यांचं आकारमान वाढलं, किंवा ते दाटीवाटीनं बसले, की शेजाऱ्यांची लुडबूड सुरू होते, घंटा बुटकी होते आणि खळगा उमटतो. साधारण ०.१ मायक्रॉन त्रिज्येच्या मण्यांचे पुंजके धरले की धूमकेतूसारखी रेषा मिळते, हे गणितानं दाखवलेलं आहे. आणि २०१४ ते २०१६ या काळात रोझेटा यान ६७पी धूमकेतूजवळ राहिलं, तेव्हा त्यावरच्या अणुबल सूक्ष्मदर्शकानं पकडलेली धूळ अशीच निघाली. मोठा पुंजका, त्यात लहान पुंजके आणि त्यातही ०.१ मायक्रॉनच्या आसपासचे घटक. दुरून, नुसत्या ध्रुवीकरणावरून जे ताडलं होतं, ते हातात घेऊन पाहिल्यासारखं झालं.

---

लेझरवाली

अणुरेणू, खळग्याचं स्पष्टीकरण दोनदा वाचलं. कागदावर दोन मणी काढून पाहिले, मग पटलं.

मी लायडारवर काम करते, म्हणजे लेझरचा झटका वर सोडायचा आणि धुळीवरून परत आलेला प्रकाश मोजायचा. आमचं सगळं पोट या वाकडेपणावरच चालतं. आम्ही एकाच दिशेत डोलणारा प्रकाश पाठवतो. पाण्याचा थेंब गोल, त्यामुळे सरळ मागे आलेला प्रकाश त्याच दिशेत डोलत येतो. वाळवंटी धुळीवरून आलेल्या प्रकाशात मात्र काटकोनात डोलणारा हिस्सा मूळ दिशेतल्या हिश्श्याच्या सुमारे ३० टक्के निघतो. बर्फाचे स्फटिकही असेच वागतात. म्हणून वरचा पट्टा धुळीचा की थेंबांचा, हे पहिल्या नजरेत कळतं. कॅलिप्सो उपग्रहानं २००६ पासून २०२३ पर्यंत याच युक्तीनं सगळ्या पृथ्वीवरची धूळ आणि ढग वेगळे काढले.

एक सावधगिरी. ढग दाट असेल तर थेंबाथेंबांत धडका खाऊन आलेला प्रकाशही दिशा बदलून येतो. तेव्हा मोठा आकडा आला की लगेच धूळ म्हणू नये.

---

उत्तररात्र

माझा गैरसमज होता, दुरुस्त झाला. इंद्रधनुष्याचा मुद्दा लक्षातच आला नव्हता.

एक शंका. ताऱ्यांचा प्रकाशसुद्धा वाटेतल्या धुळीमुळे ध्रुवित होतो ना? हॉल आणि हिल्टनर यांनी १९४९ मध्ये ते मोजलं होतं. तोही हाच प्रकार का?

---

शेंडेनक्षत्र

अणुरेणू, मनापासून आभार. धूर विझल्यासारखा का दिसला हे कळल्यावर रात्री परत प्रयोग केला. या वेळी १२० अंशांतूनही पाहिलं. तिथे फिल्म फिरवली तर धूर अंधुक होतो, पण पूर्ण जात नाही. तुमच्या हिशेबानं तिथे ६० टक्के, ते डोळ्यालाही पटलं.

आता पुढचं. वाकड्या कणाचं गणित करायचं कसं? गोलाला सूत्र आहे, पाचरीला कुठलं सूत्र?

---

अणुरेणू

उत्तररात्र, तो प्रकार वेगळा. तिथे प्रकाश धुळीवरून वळून आलेला नसतो, धुळीतून गाळून आलेला असतो. लांबट कण अवकाशातल्या चुंबकीय क्षेत्रामुळे एका दिशेनं रांगेत लागतात आणि आपल्या लांबीच्या दिशेत डोलणारा प्रकाश जास्त अडवतात. शेंडेनक्षत्रांच्या फिल्मसारखंच, फक्त फार फिकट. धूमकेतूत कण सगळीकडे तोंड करून असतात असं धरून चालतं, तिथे ते धरून चालत नाही.

शेंडेनक्षत्र, पाचरीला सूत्र नाही. पण युक्ती आहे. पर्सेल आणि पेनीपॅकर यांनी १९७३ मध्ये ती मांडली. कण छोट्या छोट्या घनांचा बनलेला आहे असं समजायचं आणि प्रत्येक घनाच्या जागी एक डोलणारा द्विध्रुव (अधिक आणि उणे भारांची जोडी) ठेवायचा. प्रत्येक द्विध्रुवावर मूळ प्रकाश पडतो आणि बाकीच्या सगळ्या द्विध्रुवांचाही. अशी हजारो समीकरणं एकदम सोडवायची. कण कसलाही असो, घनांनी बांधता आला की झालं. यासाठी तयार प्रोग्राम फुकट मिळतात, स्वतः लिहीत बसू नका.

घन किती बारीक हवेत ते मात्र नीट पाहा. नेहमीचा नियम असा: २π गुणिले घनाची बाजू, भागिले तरंगलांबी, गुणिले अपवर्तनांक, हे १ च्या आत हवं. ध्रुवीकरणासाठी मी ०.५ च्या आत ठेवायची, कारण एकूण उजेडाचा आकडा जुळला तरी खळग्याचा जुळत नाही. तुमच्या आकड्यांना बाजू ०.०२७ मायक्रॉन येते, म्हणजे मायक्रॉनभर व्यासाच्या कणात साधारण पंचवीस हजार घन. घरच्या संगणकावर होण्यासारखं आहे. पाच मायक्रॉनच्या कणाला मात्र याच्या सव्वाशे पट लागतील, तो नाद सध्या सोडा.

एका कणावर थांबू नका. आठ-दहा वेगवेगळे वेडेवाकडे कण बनवा आणि प्रत्येकाला शेकडो दिशांना वळवून सरासरी घ्या. लांबट-चपट्या लंबगोलांचं मिश्रण वापरूनही लोक काम भागवतात, ते गणिताला सोपं जातं. उजेडाच्या आकड्यांसाठी मी त्यावर विसंबेन. ध्रुवीकरणासाठी मन धजत नाही, तो गुळगुळीत पृष्ठभाग मला गोलाचाच नातेवाईक वाटतो.

आणि आधी गोल बांधा. घनांचा गोल, आणि तुमच्या सूत्रांशी ताडून पाहा. हे मी कळकळीनं सांगते, कारण माझे दोन महिने यात गेलेत. आम्ही नवीन मांडणी उभी केली होती, फेल्डस्पारच्या रेषा सुरेख येत होत्या, फक्त १७० अंशांच्या पुढे उजेड भराभर चढत होता. मला वाटलं, काहीतरी नवीन सापडलं. वरिष्ठांनी एवढंच विचारलं, पाण्याचे थेंब मोजलेस का? थेंब सोडले. त्यांचं उत्तर गोलाच्या सूत्रांनी आधीच माहीत असतं. इंद्रधनुष्य जागच्या जागी आलं, पण १७० च्या पुढे तीच खोटी चढण. शेवटी सापडलं ते असं: लेझर जिथे संपतो तिथल्या काळ्या सापळ्यातून किंचित प्रकाश परत उलटा येत होता. उलट्या किरणासाठी माझा मागचा डिटेक्टर पुढचा होतो, आणि धूळ पुढच्या दिशेला मागच्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त प्रकाश टाकते. हजारात एक हिस्सा परत आला तरी रेषा बिघडते. सापळ्याची काच तिरपी केली आणि चढण गेली. पुढच्या दिशेच्या या जोराचं आकाशातलं उदाहरण हवं असेल तर जानेवारी २००७ मधला मॅकनॉट धूमकेतू आठवा. तो आपल्या आणि सूर्याच्या मध्ये आला तेव्हा दिवसाउजेडी दिसला, त्यात या पुढे टाकलेल्या प्रकाशाचा मोठा वाटा होता.

---

शेंडेनक्षत्र

दोन आठवड्यांनी परत आलो. आधी घनांचा गोल बांधला, करवत दात्यादात्याला जुळली. मग दहा वेडेवाकडे कण केले. गोलातून ठिकठिकाणी तुकडे काढून टाकले, टेकडीसारखे दिसतात. संगणक रात्रंदिवस चालू होता.

घंटा आली! खळगाही आला! पहिल्यांदा रेषा पडद्यावर उमटली तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. पण आकडे पटत नाहीत. खळगा उणे चार टक्क्यांपर्यंत खोल जातो आणि घंटा जेमतेम १२ टक्क्यांवर थांबते. आकार बदलून पाहिले, तरी थोडाच फरक. मग काजळीचा अपवर्तनांक घालून तेच कण चालवले, तर घंटा खूप उंच आणि खळगा जवळजवळ गायब. दोन्हींच्या टक्क्यांची सरासरी काढली, तीही धूमकेतूवर बसत नाही.

---

अणुरेणू

अभिनंदन, अगदी मनापासून. बरोबर वाटेवर आहात. पारदर्शक सिलिकेटचे कण खळगा खोल करतात, काळे कार्बनी कण घंटा उंच करतात, आणि धूमकेतूत दोन्ही असतात. जास्त धुळीच्या आणि जास्त वायूच्या धूमकेतूंच्या घंटा वेगळ्या उंचीच्या दिसतात, त्यामागे या मिश्रणाचं प्रमाण हे एक कारण मानलं जातं. दुसरं कारण म्हणजे वायूचा स्वतःचा उजेड धुळीच्या उजेडात मिसळून टक्केवारी खाली ओढतो.

चूक सरासरीत आहे. तुम्ही हिशेबनीस, तुम्हाला हे लगेच पटेल. एका दुकानाला दहा टक्के नफा आणि दुसऱ्याला चाळीस, म्हणून दोघांचा मिळून पंचवीस टक्के होत नाही. कुणाची उलाढाल किती, ते पाहावं लागतं. इथे उलाढाल म्हणजे उजेड. प्रत्येक कोनावर लंब डोलणारा उजेड आणि प्रतलात डोलणारा उजेड वेगवेगळे बेरजेला घ्या, सिलिकेटचे आणि कार्बनचे, आणि भागाकार अगदी शेवटी करा. सिलिकेटचे कण मागच्या दिशेला जास्त उजळ असतात, म्हणून खळग्यात त्यांचाच शब्द चालतो. बाजूच्या कोनांवर काळ्यांचं वजन वाढतं. टक्क्यांच्या सरासरीत हे सगळं हरवतं.

दुसरं, अजून तुम्ही एकाच आकारमानावर आहात. निदान पाच-सहा आकारमानं घ्या, आणि त्रिज्या दुप्पट झाली की कणांची संख्या आठव्या हिश्श्यावर आणा. कार्बनसाठी घन आणखी बारीक लागतील. हिरव्या प्रकाशात काजळीच्या अपवर्तनांकाचा खरा भाग १.९५ आणि काल्पनिक भाग (शोषण दाखवणारा) ०.७९ धरतात, म्हणजे एकूण मान २.१. तुमची बाजू ०.०२ मायक्रॉनवर आणावी लागेल. आधीच्याच घनांवर चालवलं असेल तर ती घंटा पुन्हा काढा.

एवढं केल्यावर रेषा बसेल. बसली की मला एका गोष्टीची भीती वाटते: दोन-तीन वेगवेगळी मिश्रणंही त्याच रेषेवर बसतील. तेव्हा तेच कण ०.४५ आणि ०.६५ मायक्रॉनवर चालवा. बहुतेक धूमकेतूंचं ध्रुवीकरण तांबड्या प्रकाशात निळ्यापेक्षा किंचित जास्त असतं. जे मिश्रण हिरव्यात बसतं पण रंग उलटा दाखवतं, ते काढून टाका.

तिन्ही रंगांचे आकडे इथे टाका, तक्ता असला तरी चालेल. तोवर मी माझ्या वहीतली ऑलिविनची मोजणी शोधून ठेवते. निळ्या आणि तांबड्या, दोन्ही लेझरची आहे. तुमचे सिलिकेटचे कण आधी तिच्याशी ताडून घेऊ.